मुंबई मंडळांनो, मुलांच्या वागण्यावर बक्षीस लावू नका

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या गावोगावची मुंबई मंडळं

सस्नेह नमस्कार.

मुंबईत राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या वार्षिक सभेची सूचना गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. त्यात एक विषय असा आहे : ‘यंदाच्या गणेशोत्सवापासून प्राथमिक शाळेतील एका विद्यार्थ्यास सद्वर्तन पुरस्कार देणे. स्वरूप सायकल व चषक.’ सोबत गुणांचा तक्ता जोडला आहे. मोठ्यांना नमस्कार करणे, स्वच्छ गणवेश, वेळेवर येणे, खोटे न बोलणे, इतरांना मदत करणे. प्रत्येकाला दहा गुण, दर महिन्याला वर्गशिक्षकांनी भरून सही करायची. शेजारच्या गावांतही असंच काही घाटतं आहे असं कानावर आलं, म्हणून मी, गावच्या शाळेतली बाई, एकाच मंडळाला न लिहिता तुम्हा सर्वांना उघडच लिहिते.

माझी विनंती आधीच सांगते. हा पुरस्कार सुरू करू नका. बाजूला काढलेले पैसे शाळेलाच द्या, पण मुलांच्या चांगल्या वागण्यावर लावू नका.

तुमच्याविषयी मनात जराही किंतु नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि आपल्या भागातली नारळी-पोफळीची आगरं आडवी करून गेलं, तेव्हा शाळेच्या छपराला पहिले पत्रे आले ते मुंबईहून, आणि तेही टाळेबंदीत. दर जूनला वह्या येतात, छत्र्या येतात. गावची पोरं मोबाईल सोडत नाहीत, आजीला उलट उत्तरं देतात, ही काळजी तुम्ही मे महिन्यात शाळेच्या ओट्यावर बसून मला सांगता. ती खरी आहे. आणि छडीला तर कायद्याने बंदी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली, आणि ते योग्यच झालं. मग मारायचं नाही तर निदान आमिष तरी दाखवूया, असा विचार सहज मनात येतो. पण छडी असो की सायकल, मूल बघतं ते मोठ्यांच्या हाताकडे. त्या हातात काय आहे यावर वागणं ठरायला लागलं, की हात समोर नसताना वागणंही बदलतं.

मागे एकदा मला दुसऱ्या शाळेत कामगिरीवर पाठवलं होतं. तिथे एका देणगीदारांनी असाच तक्ता लावून दिला होता. भिंतीवर मुलांची नावं, नावांपुढे चिकटवायच्या सोनेरी चांदण्या, आणि वर्षअखेरीला ज्याच्या चांदण्या सर्वांत जास्त त्याला दप्तर आणि मनगटी घड्याळ. सुरुवातीला वर्ग चकाचक. चपला रांगेत, पाण्याच्या बाटल्या रांगेत, आल्यागेल्याला खणखणीत नमस्कार. देणगीदारांना फोटो गेले, त्यांना समाधान वाटलं.

मग एका दुपारी तिसरीतला एक मुलगा दाराशी बसून पेन्सिलीला टोक काढत होता. शार्पनर झटकून त्याने सालपटं फरशीवर पाडली. इकडेतिकडे पसरली ती हाताने एकत्र केली, ओंजळीत भरली आणि ओंजळ माझ्यासमोर धरली. ‘बाई, कचरा उचलला. चांदणी द्या.’ त्याच्या चेहऱ्यावर लबाडी अजिबात नव्हती. मोठ्यांनी शिकवलेला हिशेब त्याने बरोबर सोडवला होता. कचरा उचलला की चांदणी मिळते. कचरा नसेल तर आधी तो करावा लागतो.

त्याच दिवसांत पहिलीतली एक मुलगी नळाजवळ शेवाळावरून घसरून पडली. दोन मोठ्या मुली धावल्या. मी पोचले तेव्हा त्या दोघींचं ‘मी आधी आले’ यावरून भांडण जुंपलं होतं आणि छोटी गुडघा धरून तिथेच रडत बसली होती. त्या दोघींना मी आधीपासून ओळखत होते. गेल्याच पावसाळ्यात त्याच दोघी लहानांची दप्तरं डोक्यावर धरून पाण्यातून चालत आणायच्या, कोणी सांगितलं नसताना. तक्त्यात मदतीला चांदणी लागली आणि मदत ही मोजायची वस्तू झाली. पुढे मुलं एकमेकांच्या चुका सांगायला येऊ लागली, कारण दुसऱ्याची चांदणी गेली की आपली वर चढते. वर्ष संपलं, दप्तर-घड्याळ दिलं गेलं, तक्ता उतरला, आणि चपला पुन्हा दारात वाटेल तशा पडू लागल्या.

ही एका शाळेतली गोष्ट झाली, असं कोणी म्हणेल. म्हणून थोडं लांबचंही सांगते, कारण यावर बरंच काम झालं आहे आणि ते आपल्यासारख्यांपर्यंत पोचत नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं तीन ते पाच वर्षांची, ५१ जण, आणि मुद्दाम निवडलेली : ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडतं अशीच. काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी काहीच सांगितलं नाही, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अवचित हातात दिलं. उरलेल्यांना काही दिलं नाही. नंतर थोडे दिवस जाऊ दिले, आणि पुन्हा बालवाडीत स्केचपेन मोकळे ठेवून कोण आपणहून चित्रं काढतं ते दुरून पाहिलं. काहीच न मिळालेली मुलं मोकळ्या वेळातला साधारण १७ टक्के वेळ चित्रांत रमली. अवचित मिळालेली १८ टक्के. आणि ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं ती साडेआठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मीच.

बक्षीस तिथे दोन गटांना सारखंच मिळालं होतं. फरक पडला तो आधी कबूल करण्याने. ‘हे केलंस तर ते देईन’ म्हटल्यावर मुलाने मनाशी काढलेला अर्थ असा असावा, की ज्यासाठी एवढं काही द्यावं लागतं ते करण्यासारखं नसणारच. तुमच्या सूचनेत नेमकी हीच अट आहे. वर्षभर आधी जाहीर केलेली, गुण लावलेली सायकल.

चित्रं काढणं आणि चांगलं वागणं वेगळं, असंही कोणी म्हणेल. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली मदतीवरच केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं अवघी वीस महिन्यांची. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडायची आणि ती उचलून देणारं मूल पाहायचं. एवढी लहान मुलंही आपणहून उठून मदत करतात, हे त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. मग काहींना प्रत्येक मदतीमागे खेळायची वस्तू दिली, काहींचं तोंडी कौतुक केलं, काहींना काहीच प्रतिसाद दिला नाही. पुढच्या वेळी कमी मदत केली ती खेळणं मिळालेल्यांनी. मदत आपल्या मुलांना शिकवावी लागते असं आपण धरून चालतो. ती त्यांच्याकडे असतेच. आपण तिची किंमत ठरवतो आणि ती आटते.

हा विषय तज्ज्ञांमध्येही वादाचा आहे, हेही सांगायला हवं. १९९४ साली ज्युडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पियर्स यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासून, बक्षिसाने गोडी कमी होते ही भीती फुगवलेली आहे, असं मांडलं. १९९९ साली एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १२८ अभ्यास घेऊन उलट निष्कर्ष काढला : आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसं मुळातली गोडी घटवतात, आणि लहान मुलांत हा परिणाम कॉलेजच्या मुलांपेक्षा जास्त दिसतो. या भांडणातून एक गोष्ट मात्र हाती लागते. ज्या कामात मुलाला मुळीच रस नाही, तिथे लहानसं बक्षीस उपयोगी पडतं. जिथे त्याचं मन आधीच आहे, तिथे ते घात करतं.

म्हणून मी बक्षिसाच्याच विरुद्ध आहे असं समजू नका. आमच्या शाळेत पहिलीत एक मुलगा आला, तो वर्गात टिकतच नसे. परिपाठ संपला की समुद्राच्या वाळूत, पुळणीकडे पळायचा. एकदा त्याला होड्यांच्या आडोशातून शोधून आणला तेव्हा माझ्या पायात त्राण उरलं नव्हतं. भरतीची वेळ होती. रागावून उपयोग नव्हता, त्याला वर्गाचीच धास्ती होती. आमच्या शाळेची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी दांडा मारायला प्रत्येक मुलाचे हात शिवशिवतात. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, पहिला तास बसलास तर तासाचा टोला तू द्यायचा. बसला. टोला इतक्या जोरात दिला की समोरच्या घरातली आजी बाहेर आली. काही दिवसांनी पहिला तास सोडून मधल्या सुट्टीचा टोला त्याच्याकडे दिला, मग शाळा सुटतानाचा. बसायचा वेळ असा वाढत गेला. तोवर त्याला वर्गात मित्र झाला होता, अक्षरं जुळायला लागली होती. पावसाळा संपता संपता एक दिवस दुसऱ्या मुलाने दांडा मागितला, आणि याने तो सहज देऊन टाकला.

हे बक्षीसच होतं आणि ते लागू पडलं. लागू का पडलं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण घरीही आईबापांना तेच करता येईल. काम अगदी ठराविक होतं : तासभर बसायचं. ‘चांगलं वाग’ यातून सहा वर्षांच्या मुलाला काहीच कळत नाही. बक्षीस लगेच मिळत होतं. जूनमधल्या वागण्याची सायकल गणपतीत मिळणार असेल तर मधले दिवस लहान मुलाच्या लेखी नसतातच. पैसा, खाऊ, वस्तू यांपैकी काही नव्हतं. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलं की नावडत्या कामामागे आवडतं काम जोडलं की नावडतंही पार पडतं. ‘आधी परवचा, मग खेळ’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना ते माहीत होतं. शिवाय त्याची कोणाशी बरोबरी लावली नव्हती, भिंतीवर त्याचं नाव नव्हतं. आणि ते बक्षीस संपणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. दात घासणं, पाढे म्हणणं, दप्तर जागेवर ठेवणं अशा कंटाळवाण्या सवयी लावायला असं काही जरूर करावं. सवय लागली की हळूच काढून घ्यावं.

तुमच्या तक्त्यात यातलं काही नाही. वर्षभराचा काळ, सगळ्या शाळेत एकच विजेता, आणि विषय असे की जे मोजताच येत नाहीत. तक्ता मी भरायचा आहे, म्हणून मी माझ्या वर्गातली मुलं एकेक डोळ्यांपुढे आणून पाहिली. ‘वेळेवर येणे’ : एका मुलीची आई सकाळच्या लिलावाला बंदरावर जाते. मुलगी धाकट्या भावाला चहा-भाकरी देते, त्याला अंगणवाडीत सोडते आणि प्रार्थना संपता संपता धापा टाकत येते. तिला किती गुण देऊ? पलीकडच्या वाडीची मुलं पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून येतात. जुलैत पऱ्याला लोंढा आला की त्यांनी घरीच थांबावं असा निरोप मीच धाडते. ‘स्वच्छ गणवेश’ : पावसात ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याचा सदरा चुलीवर वाळवलेला असतो, धुराचा वास आणि काळे डाग घेऊन येतो. ‘मोठ्यांना नमस्कार’ : आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातली मुलगी दुसरीत आहे. लाजरी आहे, मराठी आत्ता कुठे बोलू लागली आहे. तुम्ही दिसलात की ती खांबाआड जाते. त्याच मुलीने वर्गातल्या कुत्र्याच्या पिल्लाला पावसात स्वतःच्या दप्तराखाली ठेवलं होतं. तक्त्यात त्याला रकाना नाही.

आणि ‘खोटे न बोलणे’. चौथीतल्या एका मुलाने चेंडू मारून कपाटाची काच फोडली. कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः येऊन सांगून गेला, मान खाली, आवाज फुटत नव्हता. सायकल पणाला असती तर तो आला असता का? एका चांगल्या मुलाला असा प्रसंग मी का आणावा, की खरं बोललं तर सायकल जाते?

आपल्या कोकणच्याच किनाऱ्यावर, वर डहाणूच्या बाजूला बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या आणि १९५७ साली ते काम कोसबाडला गेलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. ती यावीत म्हणून ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, जिथे गुरं तिथे शाळा. मूल येत नाही तेव्हा त्याची वाट कुठे अडली आहे ते त्या बघायच्या. ताराबाई माँटेसरी पद्धतीतल्या, आणि त्या पद्धतीत बक्षीस आणि शिक्षा दोन्हींना जागा नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांसाठी त्यांची पहिली शाळा, ‘बालगृह’, उघडली, तिथला एक प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. एका मुलाला बक्षीस म्हणून छातीवर पदक लावलं होतं, दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवलं होतं. पदकवाला आपलं काम करत येरझारा घालत होता, पदक गळून पडलं. बसलेल्याने ते उचलून दाखवलं, तुझं पडलं म्हणून. कामात रमलेला म्हणाला, मला नको, तूच लाव. मोठ्यांनी ज्याला मान मानलं, ते त्या मुलाच्या कामात अडथळाच करत होतं.

गौरी-गणपतीत तुम्ही जाखडी बघायला रात्रभर जागता. पायात चाळ बांधून फेरात नाचणारी आठ-दहा वर्षांची पोरं आठवा. पाय चुकला की शेजारचा दादा खांद्याला हात लावून ठेका सांगतो. त्या पोरांना कोणी गुण देत नाही, तरी श्रावणात शाळा सुटल्यावर ती देवळात तालमीला पळतात. आपल्याला फेरात घेतलं आहे, एवढंच त्यांना पुरतं. आणि घरधनी शेवटी जे ताटात घालतो ते सगळ्या नाचाचं असतं, किती येईल हे कोणी आधी सांगितलेलं नसतं. गावात ही रीत चालत आलेली असताना शाळेत मात्र एकाला उचलून स्टेजवर न्यायचं आणि बाकीच्यांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही.

कौतुक जरूर करा, पण कशाचं करता तिकडे लक्ष असू द्या. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना ‘किती हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘किती मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोडी दिल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, आणि आपले गुण दुसऱ्यांना वाढवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त निघालं. ‘आदर्श विद्यार्थी’ हे बिरुद मुलाच्या गळ्यात पडलं की त्याला ते सांभाळत बसावं लागतं. त्यापेक्षा गावी याल तेव्हा मुलाला जवळ बोलावून एवढंच म्हणा, काल विहिरीवर आजीची कळशी तू उचललीस, ती पायऱ्या न थांबता चढली. त्याने केलेलं तुम्ही पाहिलं आणि त्याने काय झालं ते सांगितलं. मुलाला ते वर्षभर पुरतं.

आता पैशांचं. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायचं काम सुरू केलं, ते तुम्ही जाणता. जाळ्यात कासव अडकलं तर ते जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ती नुकसानीची भरपाई आहे. ज्याला कासव सोडायचं आहे त्याला जाळ्याच्या किमतीने अडवू नये, एवढाच तिचा अर्थ. शाळेतला दुपारचा पोषण आहारही तसाच : भुकेने मुलाची शाळा बुडू नये. पैसा असा वापरायचा असतो, चांगलं वागू पाहणाऱ्याच्या वाटेतला दगड काढायला. मुलांच्या वाटेतले असे दगड मला रोज दिसतात, ते लिहिते.

पऱ्यावर दर पावसाळ्याआधी श्रमदानातून लाकडी साकव, म्हणजे छोटा पूल, घालायची पद्धत होती. हाताशी तरणी माणसं उरली नाहीत तशी ती मोडली. मे महिन्यात तुम्ही सगळे गावात असता. ओंडके आणि लोखंडी कठडा यांचा खर्च मंडळाने उचलला आणि दोन दिवस अंगमेहनत केली तर पलीकडच्या वाडीची मुलं जुलैतही वेळेवर येतील. पक्क्या साकवासाठी जिल्हा परिषदेकडे अर्ज गेलेला आहे, त्याचा पाठपुरावा तुमच्यापैकी जाणकारांनी करावा. सायकल द्यायचीच असेल तर पाचवी झाल्यावर ज्यांना हायस्कूल लांब पडतं अशा मुलामुलींना द्या, त्यांची वागणूक न विचारता, अंतर मोजून. ज्यांच्याकडे गणवेशाची एकच जोडी आहे त्यांना दुसरी द्या, आणि ती शाळेतून गुपचूप जाऊ दे, स्टेजवरून नको. गोष्टीच्या पुस्तकांना कपाट हवं आहे. वाळवीने जुन्याचा तळ खाल्ला आहे.

गणपतीतला कार्यक्रम बंद करू नका. मुलं त्या संध्याकाळची वाट बघतात. फक्त त्या दिवशी सगळ्यांना वर बोलवा. वर्षभरात प्रत्येकाने केलेलं काहीतरी असतंच : कोणी शिंपल्यांचा नकाशा केला आहे, कोणी आजोबांकडून जाळं विणायची गाठ शिकून आला आहे, नेपाळी मुलीला तिच्या गावचं गाणं येतं. ते त्यांनी दाखवावं, तुम्ही बघावं, आणि नंतर सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं. खाऊ द्यायचा असेल तर सगळ्यांना सारखा द्या, आधी न सांगता.

सभेत हा विषय निघेल तेव्हा हे पत्र वाचून दाखवावं, अशी सचिवांना विनंती आहे. कोणाला हे पटलं नाही तर त्यांनी मला जरूर फोन करावा. गावी आल्यावर समोरासमोर बोलायलाही मी तयार आहे. ठराव तरीही मंजूर झाला, तर मी मंडळाचा मान ठेवीन, पण त्या तक्त्यावर सही करणार नाही. तसं मुख्याध्यापकांना मी कळवलं आहे. साकवाला लागणाऱ्या सामानाची यादी आणि कपाटाचं माप शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे दिलेलं आहे. सामान मेच्या पहिल्या आठवड्यात आलं तर पावसाआधी काम उरकेल.

आपली,
गावच्या शाळेतली बाई